उदंड झालं

गंगेकाठी बालाजी घाटापासून मंगळागौरीपर्यंतच्या गल्ल्यांतली आमची मराठी माणसे तशी हिशेबाला पक्की. पण देवाची तुळस मोजायची नाही, तिचा भाव करायचा नाही, असा त्यांचा जुना शिरस्ता. तुळस हवी असली की म्हणायचे, "उदंड आणा." आणणाऱ्याने टोपली भरून आणायची आणि घेणाऱ्याने तीच टोपली शिधा घालून परत द्यायची, रिकामी टोपली परत करणे म्हणजे पाप. ऐकायला फार गोड आहे. फक्त टोपलीत शिधा किती घालायचा ते शिरस्त्यात सांगितलेले नाही, आणि उदंड म्हणजे किती तेही नाही. शहाण्या माणसाने अशा शब्दावर शेत लावू नये. विश्वेश्वराने लावले.

त्याचे शेत वरुणा नदीच्या पलीकडे, उंचवट्यावर. आजोबांना कोणा सरदाराने दान दिलेला तुकडा. घरातले पुरुष घाटावर पोथी उघडून बसायचे आणि शेत दुसरेच कोणी कसायचे. विश्वेश्वरही वेदपाठशाळेत होता आणि चांगला होता. मिसरूड फुटायच्या वयात विषमज्वराने त्याचा घसा नेला. ताप उतरला, पण आवाज परत आला तो तडा गेलेल्या घागरीसारखा. अशा आवाजाला मंत्र म्हणायला कोण बोलावणार? त्याने कुदळ धरली. ब्राह्मणाने कुदळ धरली की पंगतीतली त्याची जागा हलते. बाकीचे पाटावर बसायचे आणि विश्वेश्वर दाराजवळ, जोड्यांच्या बाजूला, नुसत्या जमिनीवर. ऊठ असे त्याला कोणी म्हणत नसे आणि पाटही कोणी देत नसे.

आनंदी संकठा घाटाच्या गल्लीतली. मुलगा दशग्रंथी होणार असे सांगून तिचे लग्न लावले होते. नवरा माळी झाला तेव्हा तिने वर्षभर रडून घेतले आणि मग पदर खोचून वाफे खुरपायला लागली. दोघे शेतावरच राहत, दोन खोल्यांच्या खापरेलीच्या घरात. एका वाफ्यात कार्तिकासाठी तुळस, बाकी शेतात पावसाळ्यात मका आणि थंडीत जव नि मटार. त्यावर वर्ष निघे, ओढूनताणून.

जेवायला वाढताना आनंदी विचारायची, "अजून वाढू का?" मराठी घरात हे विचारावेच लागते, भांड्यात असो वा नसो. भांड्यात नाही हे दिसले की विश्वेश्वर अर्ध्या भाकरीवर पाणी पिऊन म्हणायचा, "उदंड झालं." मग उरलेली अर्धी ती आपल्या ताटात घ्यायची. त्या दोघांचे प्रेम म्हणाल तर ते एवढेच होते, आणि ते थोडे नव्हते.

आषाढात एक दिवस नीलकंठ एक्क्यातून बांधावर उतरला. हा विश्वेश्वराचा थोरला चुलतभाऊ, घाटावरचा बडा उपाध्या. देशावरून येणारे यजमान याच्याच घरी उतरायचे. चिखल लागू नये म्हणून धोतर पोटरीपर्यंत उचलून तो आला आणि खाटेच्या कडेवर बसला.

"विशू, या कार्तिकात वऱ्हाडातल्या अंबिकाबाई येताहेत. मोठी जमीनदारी आहे. कोजागरीपासून त्रिपुरीपर्यंत बिंदुमाधवाला तुळशीची लाखोली वाहणार. मागच्या साली ऐन एकादशीला तुळस कमी पडली, यजमान रुसून गेले, मला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही. अबकी तसं होता कामा नये."

"किती लागेल, दादा?"

नीलकंठाने जीभ चावली. "देवाला किती असतं का रे? उदंड लाव. सगळं खेत लाव."

आनंदी दाराआड उभी होती. ओसरीवर मक्याचे बियाणे निवडून ठेवलेले होते, दोन दिवसांत पेरायचे म्हणून. थोरल्या दिरासमोर ती सहसा बोलत नसे, पण आता बोलली. "भावजी, मका नाही टाकला तर खायचं काय? आणि तुळस त्रिपुरीपर्यंत उभी राहिली तर जव पेरायचा कुठं?"

"आनंदी, बाई हात आखडणाऱ्यातल्या नाहीत. टोपलीला टोपली. तांदूळ, डाळ, वर तूप. मका कसला खाता, गहू खा." मग त्याने आवाज खाली आणला. "आणि विशू, समाप्तीच्या पंगतीला तू माझ्या शेजारी. पाटावर."

विश्वेश्वर अंगठ्याच्या नखातली माती काढत होता, तो थांबला. आनंदीला दाराआडून त्याची नुसती पाठ दिसत होती, पण पाठीवरूनही तिला कळले. तिने मक्याच्या बियाण्याचे सूप उचलून आत नेले.

विलायतेत लढाई चालू होती. गहू रेल्वेने भरभरून बाहेर जात होता आणि बाजारात धान्याचा भाव हात लावू देत नव्हता. अशा साली या माणसाने शेतभर तुळस लावली.

लावली ती मात्र मन लावून. रोपे कमी पडली म्हणून बी टाकून वाफे केले, रोप चार बोटे झाले की काढून ओळीने लावायचे. दोघे दिवसभर चिखलात उकिडवे बसत. आनंदीच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, रात्री ती त्यांत करंजाचे तेल चोळी. मका असता तर श्रावणअखेर कणसे आली असती. तुळस कितीही वाढली तरी तिची भाजी होत नाही. घरातले जुने धान्य आटत चालले. एका सकाळी आनंदी म्हणाली, "पीठ वाढलं." आमच्यात संपले म्हणत नाहीत, संपले की वाढले म्हणतात. त्या वर्षी त्या घरात एकेक करून सगळेच वाढत गेले.

भाद्रपदात गंगेचा फुगवटा वरुणेत शिरला. खालचे वाफे पाण्यात जाऊ लागले तेव्हा विश्वेश्वराने कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बांध घातला. आनंदी वरून मातीच्या पाट्या देत होती. ज्या ओळी वाचेनात त्या मुळाच्या मातीसकट काढून डोक्यावरून वर आणल्या आणि घराच्या भिंतीला लागून पुन्हा लावल्या. पाणी उतरले तेव्हा आजूबाजूच्या गावांतली पिके काळी पडली होती आणि यांची तुळस गुडघ्याएवढी, हिरवीगार उभी होती. विश्वेश्वर बांधावर बसून तिच्याकडे बघतच राहिला.

त्याच सुमारास शरदिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. लेक आली म्हणून आनंदी सुखावली आणि लगेच हिशेब करू लागली. बाळंतीण थंडीत होणार. तिच्या ताटात काय घालायचे?

"आई, एवढी तुळस कशाला गं?" शरदिनी दारातच म्हणाली. "चालायला जागा नाही."

"तुझ्या बाबांना विचार."

बाबा त्या दिवशी घाटावर गेले होते, रोपे कशी झाली ते दादांच्या कानावर घालायला. परत आले ते उन्हे कलल्यावर. पाय धुतले, खाटेवर बसले, लेकीशी दोन शब्द बोलले.

"काय म्हणाले भावजी?" आनंदीने विचारले.

"म्हणाले, उदंड असू दे."

"मी काय म्हणते, दसऱ्याला अर्धी तुळस काढू या. अर्ध्या खेतात जव टाकू. अर्धी तुळस पण ढीगभर आहे."

"नको."

"अहो, पण..."

"एक रोप उपटायचं नाही!" त्याचा फुटका आवाज चढला, तो तिने फार वर्षांत ऐकला नव्हता.  जेवताना त्याने ताटाकडेच पाहिले. "अजून वाढू का?" तिने विचारले तेव्हा "उदंड झालं" म्हणाला, आणि त्या दिवशी भांड्यात खरे म्हणजे भाकरी होती.

पुराने दमला असेल, असे तिला वाटले.

आश्विनात ऊन तापले. विहिरीवर ढेकुल होते, म्हणजे आडवे लांब लाकूड, एका टोकाला मातीचा गोळा आणि दुसऱ्याला डोल. सकाळपासून विश्वेश्वर ते ओढायचा आणि आनंदी पाटाने पाणी वाफ्यावाफ्यात फिरवायची. दोराने त्याच्या तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. तीन माणसांना आता सकाळी सातू आणि संध्याकाळी शेजारच्या अहिर गवळ्याकडून आणलेले ताक, एवढेच उरले होते.

एके दिवशी विश्वेश्वर बियाण्याच्या मडक्यापाशी गेला. त्यात जव होता, राखेत घोळून शेणामातीने तोंड लिंपून ठेवलेला.

"हात लावू नका," आनंदी म्हणाली.

"पेरायचं कुठं आता? खेत तर भरलंय. पोरीला खायला घाल."

"पोरीला मी घालते काहीतरी. ते बी आहे."

ती मडक्याला पाठ लावून बसली. शरदिनी आतून म्हणाली, "आई, मला भूक नाहीये, सच्ची." तिचा खोटेपणा ऐकून आनंदीचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तिने पायांतली चांदीची जोडवी तेवढी ठेवली आणि पैंजण अहिरणीला देऊन वाटाण्याची डाळ आणली. मडके तसेच राहिले.

मग कोजागरी आली आणि कार्तिकस्नान लागले. पहाटे थंड पाण्याने आंघोळ करून, ओलेत्यानेच दोघे तुळस खुडायला लागत. तुळशीला नख लावायचे नाही, बोटांच्या पेरांनीच दोन पाने आणि मंजिरी अलगद मोडायची. बोटे काळी पडली, धुतली तरी जाईनात. शरदिनी ओसरीवर पाय पसरून बसे आणि किडकी पाने वेगळी काढी. ओल्या फडक्यांत बांधून टोपल्या भरल्या. वरुणेच्या तोंडाशी झिंगुरी मल्लाहाची नाव होती, ती उलट्या पाण्याने त्यांना बालाजी घाटाला नेई.

पहिल्याच दिवशी, राजघाट मागे पडल्यावर झिंगुरी वल्हे मारता मारता म्हणाला, "महाराज, अबकी त तुलसी इफरात हौ. जेहर देखा ओहर तुलसी."

"म्हणजे काय म्हणतोय हा?" आनंदीने नवऱ्याकडे पाहिले. इफरात म्हणजे उदंडच, हे तिला कळत नव्हते असे नाही. विश्वेश्वर पाण्याकडे बघत होता.

घाटाला नाव लागली आणि तिने ते डोळ्यांनी पाहिले. पायऱ्यांवर टोपल्याच टोपल्या. मंगळागौरीजवळचा काशीनाथ, त्याची बायको लीला, रामनगरकडचे दोन माळी, शिवपूरचा कोणी एक, आणखी कोण कोण. सगळ्यांच्या टोपल्यांत तुळस. तुळशीचे पेव फुटले होते. वासाने डोके जड होत होते. वरच्या पायरीवर नीलकंठ सोवळ्यात उभा होता, हातात काठी.

"दूर ठेवा, दूर. शिवू नका."

तो काठीच्या टोकाने एकेक फडके उचकटून बघायचा. ही घे. ही नको. विश्वेश्वराच्या चार टोपल्यांतली एक त्याने आत पाठवली. "बाकीच्या मंजिऱ्या काळ्या पडल्यात," म्हणाला. पडल्या नव्हत्या. आनंदी पायरीखालून म्हणाली, "भावजी, तासाभरापूर्वी खुडलीय."

"मी देवाला शिळं वाहू का?"

थोड्या वेळाने टोपली परत आली. शिरस्ता पाळलेला होता, टोपली रिकामी नव्हती. तळाशी मूठभर तांदूळ होते. सगळ्यांच्याच टोपल्यांच्या तळाशी मूठमूठ तांदूळ होते, आणि वर अंबिकाबाईंच्या नावाने एक सुपारी.

परतताना नाकारलेल्या तीन टोपल्या नावेत होत्या. विश्वेश्वराने त्यांतली तुळस गंगेत सोडली. हिरवा तवंग नावेबरोबर बराच वेळ वाहत आला.

"त्यांनी सगळ्यांनाच सांगितलं होतं," आनंदी म्हणाली. "कमी पडलं तर त्यांची लाज, आणि जास्त झालं तर आपलं मरण. तुम्हाला फसवलं हो सख्ख्या चुलतभावानं."

"हूं," विश्वेश्वर म्हणाला.

तिला त्याची दया आली. नावेत त्याच्या फोड आलेल्या हातावर तिने आपला हात ठेवला.

असा महिना गेला. रोज चार टोपल्या जायच्या, एक घेतली जायची, कधी तीही नाही. पायऱ्यांवर तुळशीचे ढीग कुजले, गाई चरून गेल्या, माळ्यामाळ्यांत भांडणे झाली. संध्याकाळी पंचगंगा घाटावर आकाशदिवे चढायचे, लोक हात जोडायचे, आणि आनंदी त्याच वेळी टोपलीतले तांदूळ पदरात ओतून घ्यायची. शेतात अजून निम्मी तुळस उभी होती. चार दिशांना लोकांचे जव बोटभर वर आले होते. उशिरात उशिरा पेरला तरी आता पंधरवडाच हातात होता, आणि जव आला तरी तो फाल्गुनाअखेर. तोवर काय खायचे, हा प्रश्न उरतच होता.

पौर्णिमेला समाप्ती होती. आदल्या दुपारी आनंदी विहिरीच्या कठड्यावर विश्वेश्वराच्या वडिलांचा मुकटा घेऊन बसली. सोवळ्याचे ते रेशमी धोतर कसरीने खाल्ले होते. भोके दिसू नयेत म्हणून ती बारीक टाके घालत होती. पाटाचे बोलावणे नीलकंठाने खरेच पाठवले होते.

"एक सांगू?" ती म्हणाली. "जेवण झालं की बाई प्रत्येकासमोर हात जोडून विचारतील, उदंड झालं का म्हणून. तुम्ही नाही म्हणा."

आमच्यात अनुष्ठानाच्या समाप्तीला ही रीत आहे. प्रत्येक ब्राह्मणाने "उदंड झालं" म्हटल्याशिवाय व्रत पुरे होत नाही. एकानेही नाही म्हटले तर त्याला जे कमी असेल ते देईपर्यंत यजमानाने पंगत उठवायची नाही. तसे कोणी म्हणत नाही ही गोष्ट वेगळी.

विश्वेश्वर तिच्याकडे बघत राहिला.

"खोटं थोडंच सांगायचंय? बाईंना काय मालूम, पायरीवर काय चालतं ते! तुम्ही म्हणा, बाई, तुमच्या शब्दावर खेत लावलं, घरी बाळंतीण आहे, फाल्गुनापर्यंत धान्य नाही. बस्स. त्या देतील. द्यावंच लागेल."

"दादांची बेइज्जती होईल."

"होऊ दे की!" ती म्हणाली, आणि मग सुई थांबवून हळू बोलली, "मी तुमच्याकडं कधी काही मागितलं नाही. पोरीसाठी एवढं बोला."

 तो ढेकुलाच्या दोराशी चाळा करत राहिला. शेवटी म्हणाला, "बोलतो."

"शपथ?"

"बोलतो म्हटलं ना."

तिने दाताने दोरा तोडला आणि मुकट्याची घडी केली. महिन्याभरात पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली.

पंगत अंबिकाबाईंच्या बिऱ्हाडी, संकठा घाटाच्या गल्लीत होती. चौकात रांगोळ्या, केळीची पाने, पाट मांडलेले. माळ्यांच्या बायकांना मागच्या अंगणात तांदूळ निवडायला आणि वाती वळायला बोलावले होते. आनंदी लीलाशेजारी बसली. लीलाचे डोळे रडून सुजले होते. काशीनाथाचेही निम्मे शेत गेले होते.

"पण तुम्ही कमाल केलीत, वहिनी," लीला म्हणाली. "मालूम असून उभी ठेवलीत सगळी तुळस! आमची तर अर्धी काढूनही ही गत."

"कसलं मालूम?"

"अहो, भादव्यात विश्वेश्वरभाऊ घाटावर आले होते ना. यांच्याशीच बोलले. यांनी सांगितलं, आम्हालाही उदंड सांगितलंय, रामनगरवाल्यांनाही. मग दोघंही गेले विचारायला. नीलकंठभाऊ म्हणाले, ज्याला काढायची त्याने काढा, पण मग पुढच्या साली माझ्या पायरीला येऊ नका. यांनी अर्धी काढली. विश्वेश्वरभाऊंना आत नेऊन काही बोलले वेगळं. मला वाटलं, तुम्हाला पक्कं काही कबूल केलं असेल."

आनंदीच्या हातातली वात अर्धीच वळलेली राहिली. भाद्रपद. एक रोप उपटायचं नाही. त्या दिवशी भांड्यात भाकरी होती आणि तो उदंड झालं म्हणाला होता. दसऱ्याला अर्धे शेत मोकळे झाले असते. त्यांचाही जव आता बोटभर वर आला असता. पोरीसमोर ती बियाण्याच्या मडक्याला पाठ लावून बसली होती, तेव्हाही याला माहीत होते. नावेत तिने त्याच्या हातावर हात ठेवला, तेव्हाही.

तिला वाटले, लीलाचे काही चुकत असेल. मग वाटले, चुकत नसेल. चौकातून वाढपाचा गलका ऐकू येत होता. ती उठली, पाण्याचा तांब्या उचलला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आज बोलू दे, ती मनात म्हणत होती. झालं ते झालं, पाटाचा मोह पडला असेल, माणूसच आहे. आज बोलला तर मी हे कधी काढणार नाही.

विश्वेश्वर नीलकंठाच्या शेजारी पाटावर बसला होता. मुकटा त्याला शोभत होता, तिचे टाके कुठे दिसत नव्हते. पाठ ताठ, कपाळाला गंध. इतकी वर्षे दाराजवळ बसलेला माणूस चौकाच्या मध्यभागी बसला की कसा दिसतो ते ती बघत होती. आणि त्याचा चेहरा खरोखर खुलला होता, तेच तिला सहन होईना. मसालेभातावर तूप पडत होते. बुंदीचे लाडू फिरत होते, "घ्या हो, घ्या" चालले होते. घरी शरदिनी कण्यांची पेज पीत असेल.

अंबिकाबाई आल्या. लाल आलवणातली वाळकी म्हातारी, चेहरा मऊ. पहिल्या पानापासून हात जोडत जोडत त्या पुढे येत होत्या. "उदंड झालं?" "उदंड झालं." "उदंड झालं?" "उदंड झालं." नीलकंठाने तर दोनदा म्हटले. मग त्या विश्वेश्वरासमोर थांबल्या.

"तुम्हीच ना ते, वरुणेकडचे? तुमची तुळस फार सुंदर होती हो. उदंड झालं?"

विश्वेश्वराने मान वर केली. दारात आनंदी दिसली. त्यांची नजरानजर झाली, हे त्यालाही कळले आणि तिलाही. नीलकंठाचा हात ताकाच्या वाटीवर थांबला होता.

"उदंड झालं, बाई," विश्वेश्वर म्हणाला. तोच फुटका, हळू आवाज, घरी ताटावरून म्हणायचा तसाच.

बाई पुढे गेल्या. नीलकंठाने ताक प्यायले. आनंदीने तांब्या उंबऱ्यावर ठेवला, मागच्या दाराने बाहेर पडली आणि घाटावर न जाता पायीच निघाली, राजघाटावरून, वरुणेच्या पुलावरून, सरळ शेतावर.

विश्वेश्वर परतला तेव्हा उन्हे उतरली होती. अंगावर मुकटा, हातात टोपली, टोपलीत लाडू आणि दक्षिणा म्हणून पसाभर तांदूळ. बांधावर येऊन तो उभा राहिला. आनंदी विहिरीजवळच्या वाफ्यात वाकून तुळस उपटत होती. सवाष्ण बाई दोन्ही हातांनी तुळस मुळासकट उपटत होती. मागे ओळच्या ओळ आडवी पडली होती. शरदिनी ओसरीवरून भेदरून बघत होती.

"अगं, काय करतेस! तुळस आहे ती. पाप लागेल."

"लागू दे."

"आनंदी, माझं ऐक. दादा म्हणालेत, पुढच्या साली..."

तिने कंबर सरळ केली. घामाने केस कपाळाला चिकटले होते. "भादव्यात मालूम होतं तुम्हाला?"

 त्याने टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"फुटलं का नाही तोंड तुमचं? मला उपाशी ठेवलंत त्याचं काही नाही. मी तुमच्या हातांना तेल चोळलं हो! दादांनी फसवलं म्हणून तुमची कीव केली मी!" तिने हातातले रोप आडव्या ओळीवर टाकले. "काल मला बोलतो म्हणालात. पोरीच्या नावानं म्हणालात. आणि आपल्या ताटावरचा शब्द तिथं जाऊन खर्चून आलात. लाडवासाठी."

"लाडवासाठी नाही," तो म्हणाला.

"पाटासाठी मग. बरा होता पाट?"

 तिने पुढे होऊन त्याच्या हातातली टोपली घेतली, लाडू शरदिनीपुढे ठेवले, तांदूळ सुपात ओतले. मग बियाण्याच्या मडक्याचे लिंपण फोडले आणि त्याच टोपलीत जव भरून घेतला. उशिराचा जव, पिकला तर निम्मा पिकेल, तेही पाणी भरपूर दिले तर.

"मुकटा बदला आणि कुदळ घ्या," ती म्हणाली. "मुळं खोल आहेत."

त्याने मुकटा उतरवून दोरीवर टाकला. अंधार पडेपर्यंत दोघे खणत होते, दोन टोकांना. आधी एकाच ओळीत शेजारी बसायचे.

नंतर तिने चुलीवर भात केला. महिनाभर मुठीमुठीने जमलेले तांदूळ होते, आणि आज पसाभर जास्त, त्यामुळे भात बराच झाला. लेकीला आधी वाढले, मग त्याला. तो जेवला. पंगतीचे जेवण केव्हाच जिरले होते, खणून भूक लागली होती. पान रिकामे झाले तसा तो सवयीने थांबला, मान खाली घालून, ती विचारील म्हणून. पातेल्यात भात होता. दोघांनाही दिसत होता.

तिने पातेल्यावर झाकण ठेवले आणि त्याचे ताट उचलायला हात पुढे केला.